कोयता: लावलेला आणि बाळगलेला

मराठी वृत्तपत्रांत गेली काही वर्षे एक वाक्य ठशासारखे छापले जाते: ‘कोयता बाळगल्याप्रकरणी युवकास अटक.’ गावाचे नाव बदलते, युवकाचे वय बदलते, क्रियापद मात्र बदलत नाही. बाळगणे. भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबून पाहावे असे हे क्रियापद आहे. मराठीत भीती बाळगतात, वैर बाळगतात, संशय बाळगतात. आशा आणि सावधगिरीही बाळगतात. जे आत, इतरांच्या नजरेआड सांभाळून ठेवले जाते, त्याच्याशी या क्रियापदाचे विशेष सख्य आहे. ओळखपत्र बाळगावे असे आपण म्हणतो, तेव्हा तेही बहुधा खिशातच असते. मग प्रश्न असा पडतो की, ज्या माणसाचा कोयता कमरेच्या मागे, उघड्यावर, साऱ्या गावाला दिसेल असा लटकत असतो, तो माणूस कोयता ‘बाळगतो’ का?

मुळशी तालुक्यातल्या कोणा म्हाताऱ्याला विचारले, तर तो हे क्रियापद वापरणार नाही. तो म्हणेल, ‘कोयता लावला आणि रानात गेलो.’ लावला, म्हणजे आकडीला लावला. एकच वस्तू, दोन क्रियापदे. आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत गेल्या पन्नास-साठ वर्षांचा एक सामाजिक इतिहास उभा आहे. तो आपल्या साहित्याने पुरेसा पाहिलेला नाही, आणि आपण, साहित्य शिकवणाऱ्यांनी तर त्याकडे बहुधा पाठच फिरवली आहे, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच.

हा विषय सुचण्याचे निमित्त एका वर्गातले आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे. म्हणून ते आधी सांगते. २०२३ च्या पावसाळ्यात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी ‘आमच्या घरातील एक जुनी वस्तू’ या विषयावर दोन पाने लिहायला सांगितले होते. कोणी आजीच्या पाट्यावर लिहिले, कोणी रेडिओवर. पौडच्या पश्चिमेकडून, धरणापलीकडच्या एका गावातून येणाऱ्या एका मुलाने आजोबांच्या आकडीवर लिहिले. तो वाचायला उभा राहिला. ‘माझ्या आज्याचा कोयता’ एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले मात्र, आणि मागच्या बाकांवरून शिट्टी आली. मग हशा. कोणीतरी ‘भाई’ म्हणून हाक मारली. मुलगा हसल्यासारखे करून खाली बसला. दोन दिवसांनी त्याने लेख लिहून दिला, तेव्हा त्यात ‘कोयता’ हा शब्द एकदाही नव्हता. सर्वत्र ‘शेतीचे अवजार’ असे होते. आकडी तर सबंध गाळलेली होती. लेख नीटनेटका होता. मी त्याला चांगले गुण दिले आणि पुढच्या वहीकडे वळले.

त्या मुलाने काय गाळले होते, ते मला फार उशिरा कळले.

आकडी म्हणजे दिसायला फार काही नव्हे. टणक लाकडाचा, वीतभरही नसलेला एक तुकडा; आकड्यासारखा वळलेला किंवा खाच पाडलेला. तो कमरेभोवतीच्या दोरीत ओवून पाठीमागे बसवायचा आणि त्यात कोयता अडकवायचा. कोकणात हे दृश्य आजही दिसते. घाटमाथ्यावर, मुळशी-मावळात ते विरळ होत चालले आहे. कोयत्याला म्यान नसते. पाते उघडेच असते. हात मागे नेला की न पाहता मूठ सापडते, आणि काम झाले की न पाहताच कोयता पुन्हा जागेवर बसतो. ही सवय अंगात मुरलेली असते. तिच्यासाठी विचार करावा लागत नाही.

विचार मात्र पूर्वी कोणीतरी केलेला आहे, आणि तो बारकाईने केलेला आहे. मुळशीच्या पश्चिमेकडचे शेत म्हणजे डोंगरउतारावरची भातखाचरे आणि वरची वरई-नाचणीची जमीन. भाताची रोपे वाढवायची तर राब भाजावा लागतो, राबासाठी कवळ तोडावी लागते, आणि कवळ तोडायची तर ऐन-किंजळाच्या झाडावर चढावे लागते. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. कोयता हातात धरून चढता येत नाही. दातात धरला तर तो सिनेमा होतो. पुढे पोटाशी खोचला तर वाकताना, बसताना, फांदीवर पोट टेकताना पाते अंगाला लागणार. बाजूला मांडीवर सोडला तर करवंदीच्या जाळीत अडकणार. पाठीवर टोपलीत टाकला तर वेळेला हाती येणार नाही. उरते ती एकच जागा: कमरेच्या मागे, मध्यभागी. घराच्या कुडासाठी कारवी तोडून मोळी डोक्यावर घेतली, तरी तेथे कोयत्याची आडकाठी होत नाही. शरीर, श्रम आणि भूगोल या तिघांनी मिळून दिलेले हे उत्तर आहे.

शिकारीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. आज शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी तो विषय संपवला आहे. ताम्हिणीचे रान तर २०१३ पासून अभयारण्य आहे. पण त्यापूर्वी सह्याद्रीच्या या पट्ट्यात शिकार हा गावाच्या आणि पाड्याच्या जगण्याचा भाग होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. रान उठवायला हाकारे निघत, त्यांतल्या बहुतेकांजवळ बंदूक नसे. काठी असे, आणि मागे आकडीला कोयता असे. त्या कोयत्याने जनावर मारायचे नसे. कोयता वाट पाडण्यासाठी, वेली तोडण्यासाठी; आणि जनावर पडले तर सोलण्यासाठी, वाटे घालण्यासाठी. शिकाऱ्याच्या सुरीचे खरे काम शिकार संपल्यानंतर सुरू होते, ही गोष्ट शहरी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. सुरी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे झेप उभी राहते. प्रत्यक्षात ती पंगतीच्या अधिक जवळची असते.

म्हणून पाते कसे न्यावे, याविषयी जगभरच्या शिकाऱ्यांनी जे निकष मानले, ते जवळजवळ सारखेच आहेत. हात सहज पोहोचला पाहिजे. माणूस पडला तर पात्याने त्यालाच जखम होता कामा नये. धावताना ते गळून झुडपात हरवता कामा नये. चौथा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ते सोबत्याला दिसले पाहिजे. रांगेने चालताना मागच्याला पुढच्याचे पाते दिसत असते, म्हणून तो अंतर राखून चालतो. उघडे पाते येथे धमकी नसते, ती सूचना असते. माझ्याजवळ काय आहे ते तुला ठाऊक आहे, तुझ्याजवळ काय आहे ते मला ठाऊक आहे. आता आपण एकत्र रानात शिरू शकतो. शस्त्र उघडे असण्यावर येथे विश्वास उभा राहतो.

आता याच दृष्टीने आपल्या भाषेतील शस्त्रनामे पाहावीत. पाते नेण्याच्या मला तीन रीती दिसतात. पहिली गुप्तीची. काठीच्या पोटात पाते दडवायचे. लोकांना दिसते ती काठी. या शस्त्राचे नावच ते कसे न्यायचे हे सांगते. मुठीत लपणारे वाघनख याच जातीचे. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाची भेट मराठी मनात कायमची कोरली गेली आहे ती या लपवलेल्या पोलादासह. तेथे लपवणे हा बलाढ्य शत्रूपुढे टिकण्याचा उपाय होता, म्हणून इतिहासाने ते गौरवले. पण गौरव त्या प्रसंगाचा आहे, रीतीचा नाही. पोटात एक आणि ओठात एक असणाऱ्याला आपण एरवी चांगले म्हणत नाही.

दुसरी रीत म्यानाची. तलवार किंवा कट्यार कमरेला दिसते, पण झाकलेली दिसते. येथे पाते दडवायचे नसते, मिरवायचे असते. त्याची धार नव्हे, त्याचा मान दाखवायचा असतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात राजगायकाच्या पदाबरोबर कट्यार येते आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. हे त्या नाटकाचे मध्यवर्ती सूत्र म्यानाच्या रीतीचे मर्म सांगते: मिरवलेले शस्त्र हे सत्तेने दिलेली सवलत असते. तिसरी रीत आकडीची. पाते ना दडवलेले, ना मिरवलेले; फक्त उघडे आणि जागच्या जागी. त्यात कपट नाही, आणि मानही नाही. ते माणूस कामाला निघाला आहे एवढेच सांगते.

आपल्या साहित्याने पहिल्या दोन रीतींना भरभरून जागा दिली. ऐतिहासिक कादंबरी म्यानांच्या खणखणाटाने भरलेली आहे, रहस्यकथा गुप्तीवर जगली. तिसऱ्या रीतीच्या वाट्याला काय आले? ग्रामीण साहित्यात कोयता येतो, नाही असे नाही. पण माझ्या वाचनात तो बहुधा दोनच ठिकाणी येतो: वातावरणनिर्मितीच्या यादीत, विळा-खुरप्याच्या शेजारी, नाहीतर बांधावरच्या भांडणात, रक्तासह. आकडीवर स्वस्थ लटकणारा, दिवसभरात शंभर वेळा हाती येऊन शंभर वेळा जागेवर जाणारा कोयता लेखकाच्या नजरेत भरत नाही. त्यात नाट्य नाही ना!

शेजारच्या कर्नाटकात वेगळे उदाहरण आहे. कोडगूच्या कोडव समाजात ‘ओडिकत्ती’ नावाचे रुंद पाते असते. आकाराने ते आपल्या कोयत्याचे थोरले भावंड शोभावे. तेही कमरेच्या मागे, ‘तोडंग’ नावाच्या धातूच्या पकडीत, उघडेच अडकवतात. पण तेथे ते लग्नसमारंभात येते. वराच्या सन्मानार्थ केळीचे खुंट त्याने एका घावात तोडतात. शिकार आणि युद्ध दोन्ही मागे पडल्यावर त्या समाजाने ते पाते विधीत नेऊन ठेवले. पाते कसे न्यावे ही रीत जपली, म्हणून पात्याची प्रतिष्ठा जपली गेली. आपल्या राज्यघटनेनेही या बाबीची दखल घेतली आहे. धर्मस्वातंत्र्याच्या २५ व्या अनुच्छेदाला जोडलेले पहिले स्पष्टीकरण शीख धर्मीयांच्या कृपाणाविषयी आहे, आणि ते नुसत्या मालकीविषयी बोलत नाही. अंगावर धारण करण्याविषयी आणि जवळ ठेवण्याविषयी बोलते. एखादे पाते अंगावर कसे असावे, ही बाब घटनाकारांना लिहून ठेवण्याजोगी वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुळशीच्या कोयत्याला असा विधी लाभला नाही. त्याला फक्त काम लाभले होते. वर्षातून एक दिवस, खंडेनवमीला, तो धुऊन-पुसून पाटावर ठेवला जाई, हळदकुंकू लावले जाई, तेवढाच त्याचा मान. या पूजेला आपण शस्त्रपूजा म्हणतो, आणि खेड्यात हत्यारांची पूजाही म्हणतात. ‘हत्यार’ हा मराठी शब्द किती प्रामाणिक आहे पाहा. सुताराची हत्यारे असतात, न्हाव्याची असतात, आणि खुनात वापरले जाते तेही हत्यारच. भाषा येथे निवाडा करीत नाही. पाते कोणत्या हातात आहे, कोणत्या कामासाठी आहे आणि कसे नेले जाते आहे, यावर तो निवाडा सोपवलेला आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हणही दोष पात्याला देत नाही. दांड्याला देते, म्हणजे आपल्यातूनच निघालेल्या आधाराला देते. या म्हणीकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

मराठवाड्यात याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तोही येथे नोंदला पाहिजे. ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपे: नवरा आणि बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. बीडकडचे विद्यार्थी हे शब्द सहज वापरतात. माणसाचे नाव पुसून त्याच्या जागी अवजाराचे नाव बसवणारा हा हिशेब भयंकर आहे. परंतु त्या भयंकर हिशेबातही कोयता हे श्रमाचेच माप आहे. पुण्यातल्या रस्त्यावर ‘कोयता’ म्हटल्यावर दचकणाऱ्या वाचकाने हे ध्यानात घ्यावे की, त्याच क्षणी हजारो जोडपी हा शब्द आपली ओळख म्हणून वागवत असतात.

मग मुळशीत नेमके काय झाले? मुळशीचा हा पहिला घाला नव्हे. १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध ‘जान किंवा जमीन’ म्हणत येथील शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लढले. जमीन गेली, खोऱ्यातली चांगली भातशेती पाण्याखाली गेली. दुसरा घाला पाण्याने नाही, पैशाने आला. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी-माणचे माहितीतंत्रज्ञानाचे नगर उभे राहिले, पश्चिमेला डोंगरउतारांवर लवासासारखे प्रकल्प आणि लोकांची दुसरी घरे आली. जमिनीचे गुंठे झाले. गुंठ्यांची गाडी झाली, गाडी जुनी झाली, पैसा संपला. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने ही साखळी दाखवली: जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा ओढला जातो. चित्रपटाचा हेतू इशारा देण्याचा होता. परंतु शीर्षक तालुक्याला चिकटले, आणि ‘मुळशी’ या नावाला त्यानंतर वेगळाच वास येऊ लागला.

या साखळीतील एक कडी मला अधिक ठळकपणे मांडायची आहे. जमीन गेली तेव्हा कोयत्याचे काम गेले, कोयता राहिला. राब नाही, कवळ नाही, कारवीचे कूड नाहीत. मग आकडी कशाला हवी? घरातून आधी आकडी नाहीशी झाली. कोयता मात्र कोपऱ्यात, दाराआड राहिला, आणि नातवाच्या हाती लागला तेव्हा तो कसा न्यावा हे सांगणारी वस्तू घरात नव्हती. त्याने तो शर्टाखाली खोचला, दुचाकीच्या आसनाखाली ठेवला. म्हणजे आकडीचे पाते गुप्तीच्या रीतीने नेले जाऊ लागले. पुढे त्याने तो काढून हवेत फिरवला, चित्रफीत केली. म्हणजे गुप्तीतून निघालेले पाते मिरवण्याच्या रीतीत गेले. मधली, कामाची रीत पुसली गेली. पाते तेच, लोहाराने दिलेले पाणी तेच. अंगावरची जागा बदलली आणि शब्दाचा अर्थ बदलला. दांडा गोतास काळ झाला तो असा.

येथे एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो रास्त आहे. २७ जून २०२३ रोजी पुण्यात सदाशिव पेठेत भर दिवसा एका महाविद्यालयीन तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी धाव घेतली म्हणून ती वाचली. ज्या मुलीने ते पाते आपल्यावर येताना पाहिले, तिच्यापुढे आकडीचे सौंदर्यशास्त्र मांडणे हा उद्धटपणा ठरेल. माझ्या वर्गातली शिट्टी याच घटनेनंतरच्या काही आठवड्यांतली होती. त्या हशात भीतीही मिसळलेली असणार, हे मी समजू शकते. शिवाय पूर्वीचे खेडे निष्पाप होते असेही नाही. बांधाच्या भांडणात आकडीवरचे कोयते निघत, आणि माणसे मरत. उघडे पाते म्हणजे आपोआप सज्जन पाते, असा माझा दावा नाही.

माझा दावा एवढाच आहे की, रीतीतला फरक पुसला तर निवाडा आंधळा होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हा फरक, त्याच्या परीने, धरलेला आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख करताना शेती आणि घरकामाच्या पात्यांचा अपवाद केला. पण कायदा वस्तूच्या घडणीकडे पाहतो, आणि कोयत्याची घडण तर दोन्हींकडे तीच. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना ग्राहकाच्या आधारकार्डाची नोंद ठेवावी, अशा सूचना पोलिसांनी विक्रेत्यांना दिल्याच्या बातम्या आल्या. शहरातल्या परिस्थितीत पोलिसांनी दुसरे काय करावे, हे मी सांगू शकत नाही. मात्र राब भाजणारा एखादा म्हातारा बाजाराच्या दिवशी दुकानात उभा राहून आपण कोण आहोत याचा दाखला देत आहे, हे चित्र मनातून जात नाही. पूर्वी त्याची आकडीच त्याचा दाखला होती.

आणि संशयाची सवय वाईट असते. ती कोणाला आधी चिकटते हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. शिकार ज्यांच्या नावातच आहे, त्या पारधी समाजाला १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले. तो शिक्का कागदावरून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. लोकांच्या डोळ्यांतून अजून पुसला गेलेला नाही. रानात जाणाऱ्याच्या अंगावरच्या वस्तू वस्तीतल्या माणसाला नेहमीच भीतिदायक वाटतात. मुळशीच्या पाड्यांवरचे कातकरी, खैरापासून कात काढण्यावरून ज्यांना नाव मिळाले आणि शासनाच्या यादीतही जे अतिवंचित आदिवासी गटांत मोडतात, त्यांच्या हाती आजही कोयताच असतो: लाकूडफाट्यासाठी, कोळशाच्या भट्टीसाठी, दुसऱ्याच्या बागेतल्या रोजंदारीसाठी. ‘कोयता’ या शब्दाचा उरलेला एकमेव अर्थ जर गुन्हा असेल, तर उद्या रस्त्यावर आधी कोण अडवला जाईल? शर्टाखाली दडवणारा नव्हे. आकडीवर उघडा लावून चालणारा. कारण दिसतो तोच.

कायदा पात्याची लांबी मोजू शकतो. वृत्तपत्र घटना सांगू शकते. पण एखादी वस्तू माणसाच्या अंगावर कशी बसते, हात तिच्याकडे कसा जातो, ती पुन्हा जागेवर कशी ठेवली जाते, हे सांगणे हे साहित्याचे काम आहे. दुसरे कोणी ते करणार नाही. ते आपण केले नाही, म्हणून शब्दाचा अर्थ ठरवण्याचे काम पोलिसांच्या टिपणाकडे आणि चित्रपटाच्या भित्तिपत्रकाकडे गेले. शब्द रिकामा राहत नाही. लेखक त्याला सोडून देतो, तेव्हा दुसरे कोणीतरी त्यात राहायला येते.

यावर उपाय म्हणून ग्रामजीवनाची गोड चित्रे रंगवावीत, असे मला मुळीच सुचवायचे नाही. आकडी परत येणार नाही. ज्या कामाने ती घडवली, ते कामच फारसे उरलेले नाही. शिकार परत येऊ नये, आणि झाडावर चढून कवळ तोडण्याचे कष्ट कोणाच्या नातवाच्या वाट्याला येऊ नयेत, हेही खरे. प्रश्न ती रीत पुन्हा जगण्याचा नाही. ती नीट लिहिण्याचा आहे. आपल्या वर्गांत आजही मुळशी, मावळ, वेल्हे, भोर येथून मुले येतात. त्यांच्या घरात अजून एखादा आजा असतो, ज्याचा हात कमरेमागे जातो आणि तेथे काही नाही हे लक्षात आल्यावर परत पुढे येतो. ही हालचाल टिपू शकेल असा लेखक त्या मुलांतूनच निघू शकतो. त्याला शब्दकोश पुरवण्याची गरज नाही. शब्द त्याच्याजवळ आहेत. आपण ते त्याच्याकडून काढून घेऊ नयेत, एवढेच पुरे.

मी ते काढून घेतले. शिट्टी वाजली तेव्हा मी वर्गाला गप्प केले, पण त्या मुलाला ‘पुढे वाच’ असे म्हटले नाही. ‘शेतीचे अवजार’ हे दोन शब्द समोर आले तेव्हा त्यांखाली लाल रेघ ओढून ‘नाव लिही’ असे समासात लिहायला हवे होते. मी गुण लिहिले. सत्राच्या शेवटी, वह्या परत देताना, मी त्याला विचारले की आकडी कशी असते. तो आधी संकोचला. मग त्याने वही टेबलावर ठेवली, उजवा हात कमरेच्या मागे नेला आणि न पाहता, तेथे नसलेली मूठ धरून दाखवली.

‘अशी मॅडम,’ तो म्हणाला. ‘पण आज्याला जमायचं. मला नाही जमत.’